कमी बीपीचा आकडा वाचायला शिकताना

मेडिसिन वॉर्डातून माझी बदली प्रसूती विभागात झाली, तेव्हा बीपी घेण्याचं काम माझ्या हातात चांगलं बसलेलं होतं. वरचा आकडा ९० च्या खाली किंवा खालचा ६० च्या खाली दिसला की लगेच डॉक्टरांना कळवायचं, हा नियम पक्का होता. तिकडे असा आकडा बहुतेक वेळा खरोखर आजारी माणसाचा असायचा. जुलाबांनी कोरडा पडलेला, ताप डोक्यात गेलेला, हृदय थकलेला पेशंट. आकडा आणि माणसाचा चेहरा एकच गोष्ट सांगायचे.

इथे एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या नियमित तपासणीला, बसायला लागले आणि केसपेपरांवर ९४/५६, ९०/५८, ८८/५४ असे आकडे मी स्वतःच्या हाताने लिहायला लागले. समोर बसलेल्या बायका मात्र व्यवस्थित होत्या. बोलत होत्या, सोनोग्राफीची तारीख विचारत होत्या, स्वतःच्या पायांनी चालत निघून जात होत्या. मी एकेक पेपर इन्चार्ज सिस्टरांसमोर नेऊन ठेवायची. त्या आकडा बघायच्या, मग कितवा महिना ते बघायच्या, मग नाडीचा आकडा, आणि काही वेळा म्हणायच्या, "ठीक आहे, जाऊ दे तिला." काही वेळा मात्र त्याहून बऱ्या आकड्यावर त्या स्वतः उठून पेशंटकडे जायच्या. ही निवड त्या कशावरून करतात, ते समजून घ्यायचं मी तेव्हा ठरवलं. पुढचं सगळं त्यातून शिकलेलं आहे.

सुरुवात महिन्यापासून करावी लागते. गरोदरपणात बीपी खाली येणं हा शरीराच्या बदलांचाच भाग आहे. पहिल्या तिमाहीतच प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरातून तयार होणारं नायट्रिक ऑक्साईड यांच्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तातलं पाणी वाढायला लागतं, आणि शेवटच्या महिन्यांपर्यंत ते आधीपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी जास्त झालेलं असतं. हृदय दर मिनिटाला आधीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त फेकतं. एवढं सगळं वाढूनही दाब घसरतो, कारण रक्तवाहिन्यांचा विरोध त्याहून जास्त कमी झालेला असतो. वरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा जास्त उतरतो, साधारण ५ ते १० ने, काहींचा त्याहूनही थोडा अधिक. सर्वांत खालची पातळी पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आसपास दिसते आणि मग शेवटच्या तिमाहीत दाब हळूहळू पुन्हा गरोदरपणाआधीच्या पातळीकडे चढतो.

हा चढउतार एकदा डोक्यात बसला की तोच आकडा वेगवेगळ्या महिन्यांत वेगळा दिसायला लागतो. बावीस आठवड्यांच्या बाईचं ९२/५४, नाडी ८०, काही त्रास नाही, पहिल्या भेटीतही ९८/६० होतं. हिच्याबद्दल मला आता काळजी वाटत नाही. सदतीस आठवड्यांच्या बाईचं तेच ९२/५४, आणि गेल्या दोन भेटींत ११६/७४ असेल, तर मी तिला खुर्चीतून उठूही देत नाही. ज्या दिवसांत दाब वर यायला हवा त्या दिवसांत तो खाली का गेला, याचं उत्तर मिळायलाच हवं.

याच चढउताराची दुसरी बाजू सिस्टरांनी मला फार आग्रहाने समजावली. आधीपासून बीपी जास्त असलेली बाई पहिल्यांदा पाचव्या महिन्यात तपासणीला आली तर तिचा आकडा नॉर्मल दिसतो. आपण खूश होतो. पुढे आठव्या महिन्यात तो चढला की नवीनच काही सुरू झालं असं वाटतं. म्हणून पहिली नोंद जितक्या लवकर होईल तितकी बरी, आणि शक्य असेल तर दिवस जायच्या आधीची एखादी जुनी नोंदही मागून घ्यावी. आता कुठल्याही केसपेपरवर मी सर्वांत आधी तिची पहिली नोंद शोधते.

पण हे सगळं वाचन करायच्या आधी आकडा खरा आहे का, ते ठरवावं लागतं. माझा सर्वांत जास्त वेळ या एका गोष्टीत गेला आणि अजूनही जातो.

गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवण्याची सवय आम्हा सगळ्यांना असते, आणि ती चांगली आहे. आता ती डाव्या कुशीवर झोपली की वर येतो तो उजवा हात. कफ बांधायला तोच सोयीचा. आपण त्यावर कफ बांधतो आणि आकडा येतो ८६/४८. धावपळ सुरू होते. खरं तर त्या स्थितीत उजवा दंड हृदयाच्या पातळीपेक्षा बराच वर असतो. दंड हृदयापेक्षा दर १० सेंटीमीटर वर गेला की आकडा साधारण ७ ते ८ ने कमी येतो. हा रक्ताच्या वजनाचा परिणाम आहे, तिच्या तब्येतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. भरलेल्या अंगाच्या बाईमध्ये हा फरक १० च्या पुढे सहज जातो. तिला पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर ठेवले, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला आधार देऊन ठेवला, पाच मिनिटं शांत बसू दिलं आणि मग घेतलं, तर तोच आकडा १०० च्या वर निघतो. बसवणं शक्य नसेल तर कुशीवरच, पण खालच्या डाव्या हाताला, तो हात हृदयाच्या पातळीला येईल असा ठेवून घ्यावं. लेबर रूममध्ये मॉनिटरचा कफ आपोआप फुगत राहतो आणि बाई कळांमध्ये या कुशीवरून त्या कुशीवर होत असते. तिथे पडद्यावरचे आकडे वर-खाली होताना दिसले तर मी आधी तिच्याकडे बघते, ती कुठल्या कुशीवर आहे आणि कफ कुठल्या हाताला आहे ते बघते, मग पडद्याकडे.

कफच्या मापाचंही तसंच. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाला वेढणारी आणि घेराच्या ४० टक्के रुंद असावी लागते. लहान कफने आकडा खोटा जास्त येतो हे बहुतेकांना माहीत असतं, कारण वाढलेल्या बीपीची धास्ती सगळ्यांना असते. मोठ्या कफने आकडा खोटा कमी येतो, याकडे मात्र कमी लक्ष जातं. बारीक दंडाच्या मुलीला मोठा कफ दोन वेढे घालून बांधलेला मी पाहिला आहे. तिला कमी बीपीची पेशंट असा शिक्का बसतो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तो तिच्याबरोबर चालतो. यात आणखी एक धोका आहे. अशा मुलीचं बीपी पुढे खरंच वाढायला लागलं तर मोठा कफ ते झाकून ठेवतो.

स्टेथोस्कोपने नाडीचा आवाज ऐकून बीपी घ्यायचं असेल तर हवा सावकाश सोडावी लागते, सेकंदाला पाऱ्याच्या सुमारे २ मिलिमीटर. घाईत सोडली की पहिला आवाज निसटतो आणि वरचा आकडा कमी लिहिला जातो. खालच्या आकड्यासाठी आवाज पूर्ण थांबतो तो बिंदू धरायचा. गरोदर बायकांमध्ये कधी कधी आवाज शून्यापर्यंत ऐकू येत राहतो, तेव्हा तो एकदम दबका होतो तिथला आकडा घ्यायचा आणि तसं लिहून ठेवायचं. नाहीतर पुढच्या पाळीतली सिस्टर ९६/२० वाचून हादरते. आणि शेवटी शून्य येईल असा जवळचा आकडा लिहायची सवय सोडावी लागते. ८८ ला ९० लिहिलं तर आमच्या धोक्याच्या खुणांच्या तक्त्यात रंगच बदलतो.

मशीनबद्दल एवढंच सांगते की ते आवाज ऐकत नाही. कफमधल्या हवेचे ठोके मोजून ते सरासरी दाब ओळखतं आणि वरचा-खालचा आकडा गणिताने काढतं. म्हणून मशीन गरोदर स्त्रियांमध्ये तपासून मान्य झालेलं असावं लागतं. नाडी फार बारीक असेल, बाई थरथरत असेल किंवा कळ चालू असेल तर मशीनच्या आकड्यावर मी विसंबत नाही. मनगटाची नाडी बोटांनी बघते आणि हाताने पुन्हा बीपी घेते. मशीन दोनदा "एरर" दाखवतं तेव्हा मशीन बिघडलंय असं समजून दुसरं आणायला धावण्याआधी पेशंटची नाडी हाताला लागते का ते बघावं, कारण कधी कधी दाब इतका खाली गेलेला असतो की मशीनला तो पकडताच येत नाही.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बीपी घेण्याचा आग्रह आमच्या डॉक्टर मॅडम धरायच्या. गर्दीत ते जड जायचं. त्याचं कारण त्यांनी एकदा वॉर्डात समजावून सांगितलं. ताकायासू आर्टरायटिस हा मोठ्या धमन्यांचा आजार तरुण बायकांमध्येच जास्त दिसतो, आणि त्यात एका हाताची धमनी अरुंद झालेली असू शकते. त्या हातावर आकडा कमी येतो, नाडी क्षीण लागते, आणि दुसऱ्या हातावर बीपी चांगलंच वाढलेलं असतं. असा आजार विरळा आहे, पण दोन्ही हातांत ठळक फरक दिसला तर ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढच्या सगळ्या भेटींसाठी धरायचा, हा नियम प्रत्येकीसाठी उपयोगी आहे.

उताणं झोपल्यावर येणारा कमी आकडा खोटा नसतो. तो खरा असतो आणि लगेच काहीतरी करायला लावणारा असतो. साधारण पाचव्या महिन्यानंतर, आणि शेवटच्या महिन्यांत विशेष करून, उताण्या झोपलेल्या बाईची गर्भपिशवी पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूने वर जाणाऱ्या मोठ्या नीलेवर, व्हीना कॅव्हावर दाब देते. पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि हृदय जे भरतच नाही ते पुढे काय फेकणार? सोनोग्राफीच्या टेबलावर हे वारंवार दिसतं. बाई आधी चुळबुळ करते, मग म्हणते, "मला कसंतरीच होतंय," चेहरा पांढरा पडतो, कपाळावर घाम येतो, मळमळतं. त्या क्षणी बीपी मोजत बसण्यात अर्थ नाही. आधी तिला कुशीवर वळवायचं. एक-दोन मिनिटांत रंग परत येतो, आणि तेच निदानही असतं. बऱ्याच जणींचं शरीर पाठीच्या कण्याजवळच्या इतर शिरांमधून रक्ताला वाट काढून देतं, म्हणून प्रत्येकीला असा त्रास होत नाही.

यातल्या दोन गोष्टींची जाणीव मला उशिरा झाली आणि त्या मला महत्त्वाच्या वाटतात. एक, उताण्या झोपलेल्या बाईच्या दंडावरचा आकडा ठीक असतानाही गर्भपिशवीकडे जाणारं रक्त कमी झालेलं असू शकतं. वारेकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहाला स्वतःचा दाब सांभाळण्याची फारशी सोय नसते, आईचा दाब आणि प्रवाह पडला की तोही पडतो. म्हणून बाळाचे ठोके एकदम मंदावले तर आईचं बीपी बरं असलं तरी आम्ही आधी तिची कूस बदलतो. दुसरी गोष्ट उशीची. उजव्या कमरेखाली छोटी उशी सरकवली की काम झालं असं मी समजत होते. एमआरआय वापरून केलेल्या अभ्यासात १५ अंशांच्या कलाने ती नीला पुरेशी मोकळी होत नाही आणि ३० अंशांना होते असं दिसलं आहे. ३० अंश प्रत्यक्षात डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा कल असतो. तेव्हापासून मी उशी नीट जाड घेते, नाहीतर सरळ पूर्ण कुशीवरच करते.

आकडा खरा आहे आणि बाई उताणी नाही, एवढं ठरलं की मी नाडीकडे जाते. इथे सिस्टरांनी मला एक साधं गणित दिलं. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याने भागायचा. याला शॉक इंडेक्स म्हणतात; शॉक म्हणजे शरीराला पुरेसं रक्त न पोहोचणं. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांमध्ये तो ०.७ ते ०.९ च्या मध्ये असला तर सहसा ठीक. ०.९ किंवा त्याहून जास्त झाला की सावध व्हायचं. १.७ किंवा पुढे गेला की जिवाचा धोका. या मर्यादा वापरून हिरवा, पिवळा आणि लाल दिवा दाखवणारी बीपीची मशीनही आली आहेत. पण भागाकार मनातही जमतो. नाडी आणि वरचा आकडा सारखे झाले की १ झाला, आणि नाडी आकड्याच्या पुढे गेली की थांबायचं नाही.

९२/५६ आणि नाडी ७६ म्हणजे साधारण ०.८. ही बाई शांत बसलेली आहे, तिचे हात उबदार आहेत. १०४/८२ आणि नाडी ११८ म्हणजे १.१ च्या वर. कमी बीपीचा नियम पाठ असलेली व्यक्ती पहिलीला थांबवेल आणि दुसरीला सोडून देईल. माझ्या मते प्रसूती विभागात बीपी वाचण्यातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे. शेवटच्या महिन्यांत रक्त मुळातच वाढलेलं असल्याने तरुण, निरोगी बाई एक ते दीड लिटर रक्त गमावेपर्यंत वरचा आकडा धरून ठेवू शकते. शरीर नाडी वाढवतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. त्या आवळण्यामुळे खालचा आकडा उलट थोडा चढतो आणि दोन आकड्यांमधलं अंतर कमी होतं. ११० आणि ७० मधलं ४० चं अंतर १०४ आणि ८२ मध्ये २२ वर आलं, याकडे मी आता वरच्या आकड्याइतकंच लक्ष देते. आकडा खरोखर कोसळतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आणि जी बाई आधीच ॲनिमिक आहे, बारीक अंगकाठीची आहे किंवा जिला प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार, आहे, तिच्याकडे एवढा साठाही नसतो.

प्रीएक्लॅम्पसियाच्या बाईने मला "कमी" म्हणजे किती, हे शिकवलं. ती भरती होती, बीपी सलग १५० च्या वर, गोळ्या चालू. संध्याकाळच्या पाळीत मी घेतलं तर ११४/७६. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईने "आज उतरलं बघा" म्हणून समाधानाने मान हलवली. गोळ्यांचा गुण असेल असं कुणालाही वाटावं. पण ती बोलत नव्हती, पोट घट्ट होतं आणि सोडत नव्हतं, नाडी ११० च्या वर. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी पोटाला हात लावला आणि तिथूनच ऑपरेशन थिएटरला निरोप पाठवला. वार आतल्या आत सुटली होती. बाहेर रक्त जेमतेम डागाएवढं दिसत होतं, बाकी सगळं आत साचलेलं. तिच्यासाठी ११४ हा शॉकच्या वाटेवरचा आकडा होता. आई आणि बाळ दोघंही त्यातून सुखरूप निघाले. ९० ची रेघ तक्त्यासाठी ठीक आहे, पण प्रत्येकीची खरी रेघ तिच्या स्वतःच्या आधीच्या नोंदींवरून ठरते.

तक्ता मात्र हवाच. आमच्याकडे धोक्याच्या खुणांचा रंगीत तक्ता आहे, वरचा आकडा ९० च्या खाली गेला की लाल, ९० ते १०० मध्ये पिवळा. नाडी १०० च्या वर पिवळी, १२० च्या वर लाल. श्वास २० च्या वर पिवळा, ३० च्या वर लाल. एक लाल किंवा दोन पिवळे झाले की डॉक्टरांना बोलवायचंच. एकटा पिवळा बीपी आणि बाकी सगळं पांढरं, असं अनेकींचं असतं. पिवळ्या बीपीबरोबर पिवळी नाडी आली की विचार करत बसायचं नाही. यात श्वासाचा आकडा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. पाळीमागून पाळी १८, १८, १८ असं लिहिलेलं दिसतं. श्वास पूर्ण मिनिटभर घड्याळ लावून मोजा, असं मी नव्या मुलींना कळकळीने सांगते, कारण जंतुसंसर्ग रक्तात पसरत असतो तेव्हा श्वास बहुतेक वेळा बीपीच्या आधी बदलतो.

त्या जंतुसंसर्गात सुरुवातीला हात थंड नसतात, गरम आणि लालसर असतात. त्यामुळे रक्तस्राव नाही, हात गरम आहेत, म्हणजे ठीक आहे, असा समज होतो. ताप असेलच असंही नाही. वरचा आकडा ९० च्या खाली, श्वास २५ किंवा जास्त आणि बाई गोंधळल्यासारखी बोलतेय, यातल्या दोन गोष्टी दिसल्या तरी सेप्सिस, म्हणजे हाच पसरलेला जंतुसंसर्ग, धरून चालायचं. इथे सरासरी दाब उपयोगी पडतो. खालच्या आकड्यात दोघांमधल्या अंतराचा तिसरा हिस्सा मिळवायचा. ९२/५६ ला अंतर ३६, त्याचा तिसरा हिस्सा १२, म्हणून सरासरी ६८. सेप्सिसमध्ये तो ६५ च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. लघवी किती होतेय तेही बघायचं, तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली तर मूत्रपिंडांना रक्त पुरत नाहीये.

पहिल्या तीन महिन्यांतल्या कमी आकड्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्या बायका अनेकदा आमच्या विभागात न येता आधी कॅज्युअल्टीत पोहोचतात. पाळी चुकलेली, पोटात दुखतंय, उठल्यावर चक्कर येऊन पडली, खांद्याच्या टोकाला दुखतंय, आणि बीपी कमी. अशी बाई गर्भ नळीत राहून नळी फुटल्याची आहे असंच धरून पुढची तपासणी करायची. गरोदरपणात चक्कर येतेच, हे वाक्य इथे जीव घेऊ शकतं. दुसरी बाई उलट्यांनी हैराण झालेली असते. तिला उभं करून बीपी घेतलं की खरं चित्र दिसतं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर तिला सलाईनची गरज आहे. आणि खूप दिवस उलट्या असतील तर ग्लुकोज चढवायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायचं असतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. मी मॅडमना ऑर्डर विचारताना हे आठवणीने विचारते.

थिएटरमध्ये कमी आकड्याला कारण आधीच माहीत असतं. सिझेरियनसाठी पाठीत स्पायनलचं, म्हणजे कमरेखाली बधिर करणारं, इंजेक्शन दिलं की कमरेखालच्या रक्तवाहिन्यांचा ताण जातो आणि दाब काही मिनिटांत घसरतो. तिथे भूलतज्ज्ञ डॉक्टर ९० ची वाट बघत नाहीत. इंजेक्शनआधीचा तिचा वरचा आकडा मूळ धरतात आणि त्याच्या ९० टक्क्यांच्या वर राहावं म्हणून दाब चढवणाऱ्या फिनाइलेफ्रिनचं इन्फ्युजन चालू ठेवतात. ८० टक्क्यांच्या खाली गेलं की लगेच डोस. मूळ आकडा १२० असेल तर १०८ पासूनच लक्ष, ९६ च्या खाली घाई. टेबलावरच्या बाईला "मळमळतंय" असं वाटलं तर ते बीपी पडल्याचं लक्षण असतं, आणि अनेकदा मशीनचा पुढचा आकडा यायच्या आधी तेच कळतं. बाळ बाहेर आल्यावर गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन शिरेतून झटकन दिलं तरी दाब घसरतो, म्हणून ते सावकाश देतात. त्या घसरणीला फक्त औषधाचा परिणाम म्हणून सोडून देण्याआधी सक्शनच्या बाटलीत आणि कपड्यांवर रक्त किती आहे ते बघण्याचं काम माझं असतं.

ओपीडीत ज्यांचा आकडा कमी आणि बाकी सगळं चांगलं, त्यांना काय सांगायचं हेही शिकावं लागलं. "बीपी लो आहे" एवढंच सांगून पाठवलं तर ती बाई घाबरते आणि प्रत्येक थकव्याला त्या दोन शब्दांशी जोडते. आता मी तिला सांगते, "ताई, या महिन्यांत तुमचं बीपी असं असणं अपेक्षित आहे. अंथरुणातून उठताना आधी बसा, मग उभ्या राहा. फार वेळ एका जागी उभं राहू नका. पाणी प्या, थोडं थोडं खा, उताणं झोपू नका. अंधारी आली तर तिथेच खाली बसा." आणि मग लगेच पुढचं: "रक्त दिसलं, पोट सतत दुखलं, खरंच बेशुद्ध झालात, छातीत धडधड किंवा धाप लागली, बाळाची हालचाल कमी वाटली, ताप आला, तर बीपी किती आहे याची वाट न बघता निघून या." हे दुसरं वाक्य मी कधीच गाळत नाही.

आमच्या केसपेपरवर बीपीसाठी एकच छोटा चौकोन होता. सिस्टरांनी आणि मी मिळून मॅडमकडे आग्रह धरला आणि आता आकड्याशेजारी कुठला हात, बसून की कुशीवर, कुठल्या मापाचा कफ आणि नाडी किती, हे लिहायला जागा आहे. घाईत ते भरायला जास्तीचा वेळ लागतो. पण रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये ८८/५० दिसलं आणि मी मागचं पान उलटलं, तर बसून, उजव्या हाताला, मध्यम कफने ११०/७०, नाडी ८२ अशी संध्याकाळची नोंद मिळते, आणि तिच्याकडे वळून कफ दुसऱ्या हाताला बांधायचा की आधी डॉक्टरांना उठवायचं, हे मला तिथेच ठरवता येतं.